रिपोर्ट पावसाळ्यातला, वास उन्हाळ्यातला

पत्र

आमच्या घरची विहीर १२ मीटर खोल आहे. तिच्यापासून साधारण ६० मीटरवर पेट्रोल पंप आहे. दोन वर्षांपूर्वी पंपाचा साठा आणि विक्रीचा हिशेब जुळेना, तेव्हा जमिनीखालच्या पाइपाचा सांधा गळतोय असं कळलं. तोवर आमच्या पाण्याला वास यायला लागला होता. पंपवाल्यांनी टाकी आणि पाइप बदलले, तीन मीटरपर्यंतची माती उचलून नेली, चार निरीक्षण बोअर मारले. गेल्या पावसाळ्यात त्यांचा माणूस आमच्या गच्चीवरच्या टाकीच्या नळाचं पाणी प्लास्टिकच्या बाटलीत भरून घेऊन गेला. रिपोर्टात ‘बेंझीन : आढळले नाही (<०.०५ मिग्रॅ/लि)’ असं आलं. त्यांचा इंजिनिअर म्हणतो, काम संपलं, आता बोअर बुजवतो. विहिरीचं पाणी पावसाळ्यात ३ मीटरवर असतं, उन्हाळ्याच्या शेवटी ९ मीटरवर जातं. वास आता फक्त तेव्हाच येतो, तोही थोडा. आणखी एक, पाणी भांड्यात ठेवलं की तासाभरात तांबूस होतं. पूर्वी असं होत नव्हतं. सासरे म्हणतात, उकळून प्या. दीर म्हणतात, अंगणातच खोल बोअर मारू. त्याआधी विहीर पूर्ण उपसून, आत माणसं उतरवून गाळ काढायचं ठरतंय. काय करावं?

– एक गृहिणी

उत्तर

ताई, बाकीचं सगळं नंतर. विहिरीत माणूस उतरवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचून राहते आणि हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेलं तरी ठिणगी पुरते. ठिणगी नसली तरी अशा हवेत उतरलेला माणूस शुद्ध हरपून खाली पडतो आणि त्याला काढायला दुसरा उतरतो. अशा अपघातांत मेलेल्यांत वाचवायला गेलेलेही असतात. वाकून आत बघायला काडी किंवा कंदील नको. गाळ राहू दे तिथेच.

विहीर पूर्ण उपसण्याचा बेतही सोडा. तुम्ही जेवढं जोरात उपसाल तेवढं पंपाच्या बाजूचं पाणी तुमच्याकडे धावेल. ६० मीटर अंतर म्हणजे फार नव्हे.

आता रिपोर्ट. ‘आढळले नाही’ हे दोन शब्द वाचून घरात सगळ्यांनी सुस्कारा सोडला असणार. मला मात्र कंसातला आकडा खुपला. ०.०५ मिलिग्रॅम म्हणजे ५० मायक्रोग्रॅम. बेंझीन हा पेट्रोलमधला एक विषारी घटक. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातल्या बेंझीनसाठी दिलेलं मूल्य लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे, अमेरिकेची मर्यादा तर ५. म्हणजे त्या लॅबने वापरलेल्या पद्धतीला ५० च्या खालचं काही दिसतच नाही. तुमच्या पाण्यात ४५ असतं, तरी रिपोर्टावर हेच दोन शब्द उमटले असते. गुंजा तोलायच्या आणि काटा हातात धान्याच्या वखारीतला, असा हा प्रकार. पुढच्या वेळी लॅबला आधीच विचारा, ‘तुमची पद्धत किती खालपर्यंत मोजते?’ उत्तर १ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी असेल तरच नमुना द्या.

बेंझीनचं एवढं कौतुक का, तर त्याने रक्ताचा कर्करोग होतो हे पक्कं सिद्ध झालेलं आहे आणि पेट्रोलच्या घटकांत ते पाण्यात चांगलं विरघळणाऱ्यांपैकी आहे. किती थोडं पुरतं ते बघा. पेट्रोलमध्ये बेंझीन एक टक्का धरलं तर एका लिटरमध्ये १० मिलिलिटर, वजनाने जवळजवळ ९ ग्रॅम. लिटरमागे १० मायक्रोग्रॅम या हिशेबाने एवढ्याशा बेंझीनने पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या रेषेपर्यंत पोचतं. सांधा किती दिवस गळत होता ते तुम्हीच आठवा.

आणि वासावर जाऊ नका. पाण्यातलं बेंझीन जिभेला कळायला लिटरमागे निदान अर्धा मिलिग्रॅम लागतं, म्हणजे त्या १० मायक्रोग्रॅमच्या पन्नासपट. नाकाला कळायला त्याहूनही जास्त. तुम्हाला जो वास येतो तो बहुतेक इथाइलबेंझीन आणि झायलीन या भावंडांचा. वास आला तर पेट्रोल आहे हे खरं, पण वास गेला म्हणजे बेंझीन गेलं असं नाही.

नमुना कसा घेतला हे तुम्ही पत्रात लिहिलंत, त्याबद्दल तुमचे आभार. बहुतेक लोक ते लिहीतच नाहीत. बेंझीन उडून जाणारं. मोटरने पाणी वर चढवलं, ते टाकीत धबधब्यासारखं पडलं, उन्हात तापलं, नळातून फेसाळत बाटलीत आलं. वाटेत निम्मं-शिम्मं उडालं असेल, उरलेल्यातलं थोडं प्लास्टिकने शोषलं असेल. खरा नमुना विहिरीतून किंवा बोअरमधून थेट घेतात, ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुपीत. कुपीत आधीच आम्लाचे दोन-चार थेंब असतात, वाटेत सूक्ष्मजीवांनी बेंझीन खाऊ नये म्हणून. पाणी कुपीच्या कडेने अलगद सोडायचं, तोंडाशी फुगवटा येईपर्यंत. मग झाकण घट्ट लावून कुपी उलटी करायची आणि बोटाने टिचकी मारायची. आत बुडबुडा सरकताना दिसला की ती कुपी बाद, नवी घ्यायची. मग बर्फाच्या पेटीत ठेवून १४ दिवसांच्या आत तपासणी. पेटीत लॅबने भरून दिलेली शुद्ध पाण्याची एक बंद कुपीही जायला-यायला सोबत असते. तिच्यात बेंझीन निघालं तर ते वाटेतलं, तुमच्या विहिरीतलं नव्हे. नमुना घ्यायला निघताना गाडीत पेट्रोल भरून त्याच हातांनी कुपी उघडणारे महाभाग मी पाहिलेत.

बुडबुड्याचं मी एवढं लावून धरतो, कारण मी स्वतः त्यात फसलोय. नोकरीच्या सुरुवातीला एका घरच्या विहिरीचे नमुने आणले. कुपीत वाटाण्याएवढा बुडबुडा होता, तो मी बघितला आणि ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणून तसाच दिला. रिपोर्ट स्वच्छ आला. मी त्या घरी जाऊन पाणी प्या म्हणून सांगून आलो. तीन महिन्यांनी दुसऱ्याने नीट घेतलेला नमुना मर्यादेच्या बराच वर निघाला. त्या घरी पुन्हा जाऊन उंबऱ्यात उभं राहणं मला अजून आठवतं.

तुमच्या पत्रात रिपोर्टापेक्षा मोलाच्या तीन ओळी आहेत, आणि त्या एकमेकींशी जोडून बघायला हव्यात. पाणी ३ मीटर ते ९ मीटर खालीवर होतं. वास उन्हाळ्याच्या शेवटी येतो. माती ३ मीटरपर्यंत उचलली.

पेट्रोल पाण्याहून हलकं, ते जमिनीखाली पाण्यावर तरंगतं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळे डोळ्यांसमोर चित्र येतं ते हौदावरच्या तवंगाचं. जमिनीखाली हौद नसतो. माती आणि मुरमाच्या कणांमधल्या फटींत, खडकाच्या भेगांत पाणी असतं आणि पेट्रोल त्याच फटींत घुसतं. उन्हाळ्यात पाणी ९ मीटरवर गेलं की पेट्रोलही त्याच्यामागून खाली उतरतं आणि जाता जाता प्रत्येक कणाला माखत जातं. पावसाळ्यात पाणी वर चढतं, पण माखलेलं सगळं पेट्रोल त्याच्याबरोबर वर येत नाही. बरंचसं पाण्याखाली फटींत अडकून राहतं, तेलात बुडवलेला बोळा पाण्यात दाबून धरावा तसं. दरवर्षी हे खालीवर होणार. मग पेट्रोल एका पातळीवर राहत नाही, ३ ते ९ मीटरचा अख्खा पट्टा माखून जातो.

आता पंपवाल्यांनी काय उचललं? वरची ३ मीटर माती. ती उचलायला हवीच होती, त्यात वाद नाही. पण माखलेला पट्टा बहुतेक तिथून खाली सुरू होतो. पावसाळ्यात तो पाण्याखाली बुडालेला असतो, वर ताजं पाझरलेलं पाणी, वास नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की अडकलेलं पेट्रोल मोकळं होऊन पुन्हा निथळतं, आणि तुमच्या नाकाला कळतं. विहिरीत तुम्हाला जे दोन वर्षं दिसतंय ते बहुतेक हेच.

कुठे कुठे उलटंही होतं. पाणी चढताना माखलेल्या मातीला धुऊन काढतं आणि पावसाळ्यातच बेंझीन वाढतं. तुमच्या जागी कोणतं होतंय हे एका नमुन्यावरून मीही सांगू शकत नाही, इंजिनिअरही नाही. म्हणून प्रत्येक रिपोर्टाशेजारी त्या दिवशीची पाण्याची पातळी लिहिलेली हवी. पातळीशिवायचा बेंझीनचा आकडा म्हणजे तारीख नसलेली पावती.

त्या चार बोअरबद्दल पंपवाल्यांकडून लेखी माहिती मागा, तोंडी नको. बोअरमध्ये जो पाइप उतरवतात, म्हणजे केसिंग, त्याचा छिद्रांचा भाग किती मीटरपासून किती मीटरपर्यंत आहे, हा पहिला प्रश्न. छिद्रं ६ मीटरपासून खाली असतील आणि पावसाळ्यात पाणी ३ मीटरवर असेल, तर वर तरंगणारं पेट्रोल बोअरमध्ये शिरणार कुठून? बाहेर थर असला तरी आत स्वच्छ पाणीच दिसणार. पाण्याची वरची आणि खालची दोन्ही टोकं छिद्रांच्या पट्ट्यात यायला हवीत. दुसरं, चारही बोअरच्या तोंडाची उंची एका खुणेपासून मोजलेली आहे का? सरळ रेषेत नसलेल्या तीन बोअरमधल्या पाण्याची उंची कळली की जमिनीखालचं पाणी कुठल्या बाजूला वाहतंय ते काढता येतं. ते तुमच्याकडे वाहत असेल, तर पंप आणि तुमची विहीर यांच्यामध्ये निदान एक बोअर हवा. चारही पंपाच्या आवारातच आणि तेही पाणी जिकडून येतं त्या अंगाला असतील, तर ते बोअर असून नसल्यासारखे. खाली कठीण खडक असला तर आणखी सावध राहा. तिथे पाणी भेगांनी धावतं, नकाशावर काढलेला प्रवाहाचा बाण त्याला माहीत नसतो.

बोअर बुजवू देऊ नका. माझ्या मते निदान दोन पूर्ण वर्षं, दर तीन महिन्यांनी, म्हणजे दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे हाती यायला हवेत. आकडे उतरत असतील आणि उतरलेले राहत असतील, तर बोलू बुजवण्याचं.

तांबूस पाण्याने मला जरा बरं वाटलं, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. मातीतले सूक्ष्मजीव पेट्रोल खातात. त्यासाठी आधी ते पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन वापरतात, तो संपला की नायट्रेट, मग मातीतल्या कणांवरचं लोखंड, मग सल्फेट, आणि शेवटी मिथेन तयार होऊ लागतो. लोखंडाची पाळी आली की ते विरघळून पाण्यात येतं. उपसलेलं पाणी आधी नितळ दिसतं, हवा लागली की गंज धरतं. पूर्वी होत नव्हतं ते आता होतंय, म्हणजे खाली कुणीतरी कामाला लागलंय असा दाट संशय घ्यायला जागा आहे. पुढच्या तपासणीत बेंझीनबरोबर ऑक्सिजन, नायट्रेट, लोखंड, मँगनीज, सल्फेट आणि मिथेन मोजायला सांगा. लोखंडाबरोबर कधी कधी आर्सेनिकही सुटतं, तेही एकदा बघून घ्या.

पण सूक्ष्मजीवांच्या भरवशावर किती राहायचं? अमेरिकेत मिनेसोटात बेमिजी गावाजवळ २० ऑगस्ट १९७९ रोजी कच्च्या तेलाची नळवाहिनी फुटली. सुमारे १७ लाख लिटर तेल सांडलं. जे काढता आलं ते काढलं, तरी जवळपास चार लाख लिटर जमिनीत राहिलं. तिथे तेव्हापासून अभ्यास चालू आहे. विरघळलेलं बेंझीन सूक्ष्मजीव वाटेतच खातात, त्यामुळे दूषित पाण्याची जीभ फार लांब जात नाही, हे तिथे दिसलं. आणि कित्येक दशकांनंतरही तेल पाण्यावर शिल्लक आहे, हेही तिथेच दिसलं. कच्चं तेल आणि पेट्रोल सारखं नव्हे, पेट्रोल लवकर संपतं. तरी ‘निसर्ग करेल साफ’ असं इंजिनिअर म्हणाला, तर त्याच्याकडे आकड्यांचा पुरावा मागा. निरीक्षण न करता निसर्गावर सोडणं याला काहीच न करणं म्हणतात.

साफसफाई करायची तर आधी तरंगणारं पेट्रोल काढतात. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी खाली असताना प्रत्येक बोअरमध्ये पारदर्शक बेलर, म्हणजे दोरीने सोडून पाणी वर काढायची नळी, सोडून बघायला सांगा. वर पेट्रोलची चकती दिसते का, किती जाडीची, हे तुमच्या डोळ्यांनी बघा. असेल तर ते काढल्याशिवाय पुढचं काहीही व्यर्थ. त्यानंतर पेट्रोलसाठी सगळ्यात उपयोगी पडते ती वाफ ओढण्याची पद्धत. पाण्याच्या वरच्या कोरड्या मातीत बोअर घेऊन पंख्याने हवा खेचतात, पेट्रोल वाफ होऊन वर येतं, ते कोळशात पकडतात. डिझेलला ही युक्ती तितकी लागू पडत नाही, ते सहज उडत नाही. तुमच्याकडे उन्हाळ्यात ३ ते ९ मीटरचा पट्टा उघडा पडतो, म्हणजे वाफ ओढायला तेच महिने सोन्याचे. पाण्याखालच्या भागासाठी खालून हवेचे बुडबुडे सोडतात किंवा ऑक्सिजन देणारी रसायनं घालतात. मात्र तरंगणारा थर शिल्लक असताना बुडबुडे सोडले तर वाफ आजूबाजूच्या घरांच्या तळघरांत शिरू शकते. पाणी उपसून, स्वच्छ करून सोडण्याची पद्धतही आहे. तिने दूषित पाणी पुढे सरकायचं थांबतं, पण उपसा बंद केला की काही महिन्यांत आकडे पुन्हा वर चढतात, कारण माखलेली माती जागच्या जागी असते. यंत्र बंद झाल्यावरच्या रिपोर्टांवर म्हणूनच जास्त नजर ठेवा. यंत्र चालू असताना सगळं छानच दिसतं.

दिरांना सांगा, खोल बोअर नको. माखलेल्या पट्ट्यातून भोक पाडून खालच्या चांगल्या पाण्यापर्यंत वाट करून द्यायची, आणि वर मोटर लावून ती वाट ओढायची, असं ते होईल. केसिंगबाहेरची फट नीट सिमेंटने भरली नाही तर पेट्रोल त्या फटीने सरळ खाली. हवाई बेटांवर २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये नौदलाच्या रेड हिल इंधनसाठ्यातून गळती होऊन पिण्याच्या पाण्यात विमानाचं इंधन आलं, तेव्हा होनोलुलूच्या पाणी खात्याने आपली मोठी हलावा विहीर बंद केली. तिच्यात इंधन आलेलं नव्हतं. उपशाने ते तिकडे ओढलं जाईल, एवढीच भीती होती. शहराच्या पाण्याचा मोठा स्रोत एवढ्या भीतीपोटी बंद करतात, मग आपण अंगणात नवा कशाला उघडायचा?

सासऱ्यांच्या उकळण्याने जंतू मरतात, तो सल्ला त्यांच्या काळी बरोबरच होता. इथे बेंझीन भांड्यातून निघून स्वयंपाकघराच्या हवेत येईल आणि जी व्यक्ती शेगडीसमोर उभी आहे तिच्या छातीत जाईल. ती कोण असते हे मी सांगायला नको. क्लोरीन आणि यूव्हीने यात काही होत नाही, आणि नुसत्या आरओच्या पडद्यावरही विसंबू नका. उपयोग होतो तो सक्रिय कोळशाचा, पण कोळसा भरत जातो आणि भरला की काही न सांगता सगळं सोडून देतो. बसवायचाच तर दोन मोठे नळकांडे एकामागे एक, आणि दोघांच्या मधल्या नळाचं पाणी ठरावीक काळाने तपासायचं. पहिल्यातून बेंझीन निसटायला लागलं की तो बदलायचा. हा खर्च आणि ही तपासणी पंपवाल्यांनी लेखी अंगावर घ्यायला हवी.

तोवर पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी दुसरीकडून आणा. आंघोळही शक्यतो त्या आणलेल्या पाण्यानेच. तेवढं जमत नसेल तर विहिरीचं पाणी गरम करू नका आणि न्हाणीघराची खिडकी उघडी ठेवा. तुमच्या भागातल्या प्रदूषण नियंत्रण कार्यालयाला आजच पत्र द्या आणि पोच घ्या. त्यात बोअर बुजवायला हरकत असल्याचं स्पष्ट लिहा, ५० आणि १० हे दोन आकडे लिहा, आणि नमुना गच्चीवरच्या टाकीतून घेतला होता हेही.

एक वही करा. दर पंधरा दिवसांनी दोरीला वजन बांधून विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा, नेहमी काठावरच्या एकाच खुणेपासून. तारीख, अंतर, वास आहे की नाही, भांड्यातलं पाणी किती वेळात तांबूस झालं, एवढंच लिहायचं. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी ९ मीटरवर गेलं की कुपीत नमुना घ्यायला लावा आणि रिपोर्ट वहीच्या पानांसकट मला पाठवा.